उल्काने न लिहिलेला नकार

१

२००५ च्या मार्चमध्ये उल्का सबनीस इराकहून परत आली. चौथ्या दिवशी ती आपली नोकरी परत मागायला गेली, तेव्हा तिला सांगण्यात आलं की ती नोकरी तिने स्वतःच नाकारली आहे. पुरावा म्हणून तिच्यापुढे एक पत्र ठेवलं गेलं. तारीख १८ ऑक्टोबर २००४, खाली तिची सही.

त्या दिवशी ती बगदादच्या उत्तरेला एका तळावर ट्रकचे सुटे भाग मोजत होती.

संध्याकाळी ती त्या पत्राची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आली. डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत. मी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या रंगाच्या प्रयोगशाळेत काम करते. रंग का सुटला, आधी कुठला थर दिला होता आणि नंतर कुठला, हे शोधणं माझं काम. त्यामुळे मराठी मंडळात कुणाला कसलाही कागद समजेनासा झाला की माझ्याकडे पाठवतात.

"तू इराकला होतीस?" मी विचारलं. "मला तर वाटलं टेक्सासला कसला कोर्स आहे."

"सगळ्यांना तेच वाटलं, मावशी. बाबांनी कुणालाच सांगितलं नाही. नागपूरच्या काकांनासुद्धा." ती खुर्चीच्या कडेवर बसली होती. "हे बघ ना. सही माझीच आहे. मलासुद्धा माझीच वाटते. आणि मी केलेली नाही."

पत्रात मोजून तीन वाक्यं होती. 'एक नोव्हेंबरला रुजू होण्याबद्दलचं आपलं पत्र मिळालं. वैयक्तिक कारणांमुळे मला त्या तारखेला येता येणार नाही. माझी जागा यादीत कायम ठेवावी, ही विनंती.'

उल्का एअर होस्टेस. १९९९ च्या ऑगस्टमध्ये लागली. कॉलेजची फी भागावी म्हणून ती त्याआधीच आर्मी रिझर्व्हमध्ये गेली होती; महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत, एवढंच. मग २००१ चा सप्टेंबर आला. विमानं रिकामी उडू लागली आणि नोव्हेंबरमध्ये तिला फर्लो मिळाला. फर्लो म्हणजे पगार बंद, पण नाव यादीत. ही यादी नोकरीला लागल्याच्या क्रमाने असते. काढताना खालून काढतात, बोलावताना वरून बोलावतात. या धंद्यात पगार, सुट्टी, कुठलं विमान, कुठलं गाव, सगळं त्या एका क्रमांकावर ठरतं.

सव्वादोन वर्षं तिने एका दाताच्या दवाखान्यात फोन घेतले आणि क्रमांक सांभाळला. मग २००४ च्या जानेवारीत लष्कराचा आदेश आला आणि फेब्रुवारीत ती गेली. ऑक्टोबरमध्ये कंपनीचं बोलावणं आलं, आणि कुणीतरी तिच्या नावाने नाही म्हणून टाकलं. नाही म्हटलं की नाव यादीतून जातं.

"तू सैन्यात जातेयस हे कंपनीला कळवलं होतंस?"

"फोन केला होता, जानेवारीत. मॅनेजर म्हणाला, नोंद करतो. तो मॅनेजर आता स्वतःच घरी बसलाय, आणि त्याला काही आठवत नाही. फाइलमध्ये नोंद नाही." तिने झेरॉक्सची घडी घातली, परत उघडली. "दहा मेला सुनावणी आहे, मावशी. युनियनची बाई म्हणते, सही खोटी आहे हे दाखवलं तर क्रमांक परत मिळेल. नाहीतर सहा वर्षं गेली."

२

मूळ पत्र बघायला वीस मिनिटं मिळाली. विमानतळाजवळच्या कंपनीच्या कचेरीत एक बिनखिडकीची खोली, युनियनची डार्लीन, उल्का आणि मी. डार्लीन पन्नाशीची, आवाज घोगरा, तीस वर्षं उडालेली. तिने मला दारातच विचारलं होतं, मी हस्ताक्षरतज्ज्ञ आहे का. नाही, रंगाची, असं मी सांगितल्यावर ती म्हणाली, "चालेल. मी तर घटस्फोटाची तज्ज्ञ आहे, आणि मला वकिलाचं काम करावं लागतंय."

पाकीट ठेवलेलं नव्हतं. ते ठेवत नाहीत.

मी पर्समधून भिंग काढलं. सही निळ्या बॉलपेनची होती, एका दमात केलेली. खोटी सही करणारा माणूस मध्येमध्ये थांबतो, आणि तो थांबतो तिथे शाईचा ठिपका साठतो. इथे तसं काही नव्हतं. सहीच्या शेवटी 'एस'चं शेपूट खाली गेलं होतं आणि छापलेल्या नावाला दोन ठिकाणी छेदत होतं. मी त्या दोन जागांवर बराच वेळ थांबले.

लेझर प्रिंटरची शाई म्हणजे खरं तर पूड असते. ती कागदावर वितळून बसते, चकचकीत दिसते. पेन तिच्यावरून गेलं तर निळी रेघ वर दिसते आणि पुडीवर ओरखडा उठतो. इथे उलटं होतं. काळी पूड निळ्या रेघेवर बसली होती, दोन्ही जागी. ओरखडा कुठेच नव्हता.

"काय?" डार्लीनने विचारलं.

"सही खरी आहे."

डार्लीनने पेन टेबलावर ठेवलं.

"पण सही आधी झाली आहे," मी म्हटलं. "पत्र नंतर छापलंय. उल्का, तू कोऱ्या कागदावर कधी सही केली होतीस का?"

तिचा चेहरा उतरला. मला उत्तर मिळालं.

३

लष्कर जाण्यापूर्वी प्रत्येकाला मुखत्यारपत्र फुकट करून देतं. उल्काने ते केलं नाही. पुरुषोत्तमराव, म्हणजे तिचे वडील, म्हणाले होते, घरातल्या घरात वकिलाचे कागद कशाला? चार कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेव, लागेल तसं लिहून घेऊ. ते स्वतः इकडे येताना नागपूरच्या घरासाठी भावाकडे असेच कागद ठेवून आले होते. आपल्यातल्या किती घरांत अशा सह्या पडून असतील, कोण जाणे.

"किती कागद?" गाडीत मी विचारलं.

"आठ. पाच बाबांकडे. दोन अनीशकडे, लग्नानंतरच्या शुगर लँडच्या अपार्टमेंटसाठी. आणि एक शेलीकडे, क्रॅश-पॅडच्या करारासाठी."

"तुझ्या अमेरिकन मैत्रिणीनेसुद्धा घेतला?"

"तिला विचित्र वाटलं होतं. पण माझ्यावर विश्वास ठेवून घेतला."

क्रॅश-पॅड म्हणजे विमानतळाजवळ क्रूने मिळून घेतलेली जागा. रोम्युलसमधल्या त्या घरात दोन खोल्यांत आठ जणी झोपायच्या, आळीपाळीने. कंपनीकडे उल्काचा पत्ता तोच होता. बोलावणं रजिस्टर्ड डाकेने तिथेच गेलं होतं आणि ते सही करून घेतलं होतं शेली नोवाकने.

शेली आणि उल्का एकाच दिवशी लागल्या. एका दिवशी लागलेल्यांमध्ये जी वयाने मोठी तिचा क्रमांक वर. उल्का चार महिन्यांनी मोठी. ऑक्टोबरमध्ये कंपनीने उल्कापर्यंतच बोलावलं होतं. उल्का नाही म्हणाली, म्हणून एक जागा खाली सरकली आणि शेलीला मिळाली.

शेली युनिफॉर्ममध्येच होती, बूट काढून सोफ्यावर बसलेली. तिने आम्हाला बसा म्हटलं आणि स्वतःच सुरुवात केली.

"माझ्याकडे तिची जागा आहे, हे मला माहीत आहे. दर वेळी विमानात चढताना मला ते आठवतं. म्हणून तुम्ही मला पहिलं विचारायला आलात ना? तुमच्या जागी मी असते तर मीही आले असते."

"तो कागद?" मी विचारलं.

तिने ड्रॉवरमधून करार काढून दिला. शेवटच्या पानावर उल्काची सही, वर घरमालकाचा मजकूर, तारीख जून २००४. तिच्याकडचा एकुलता एक कागद तिथे खर्च झाला होता.

"बोलावणं आल्यावर मी लगेच ट्रॉयला फोन केला. ८ ऑक्टोबर होता. त्याच दिवशी एक मुलगा भाड्याची गाडी घेऊन आला आणि पत्र घेऊन गेला. म्हणाला, मी तिचा होणारा नवरा." शेलीने उल्काकडे बघितलं. "त्याने पाकीट माझ्यासमोर फोडलं, उल्का. दारातच उभा राहून वाचलं. आणि तो हसला."

४

अनीश टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला तेलाच्या पाइपलाइनचं काम करतो. त्याला मी कामाच्या वेळेतच फोन केला. उल्का माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. स्पीकरवर ठेव असं तिने खुणेने सांगितलं, मी नाही ठेवला.

"मावशी, हसलो म्हणजे... यार, काय सांगू आता."

"जे झालं ते सांग."

"मी ऑफिसच्या कामाला डेट्रॉइटला आलो होतो, काकांकडे, म्हणजे उल्काच्या बाबांकडे उतरलो होतो. पत्र वाचलं. चौदा दिवसांत होकार कळवा, नाहीतर नाव यादीतून जाईल, असं होतं. मला वाटलं, बरं झालं. ती तिकडे, म्हणजे कोर्सवर... आता सगळ्यांना माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"ती तिकडे आहे, चौदा दिवस असेच जातील, नाव आपोआप जाईल. मग परत आल्यावर इकडे येईल. मला तिचं उडणं नको होतं, मावशी. मी पत्र काकांच्या फोनजवळ ठेवलं आणि म्हटलं, काका, तुम्ही काही उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला परत आलो. एवढंच."

"तुझ्याकडचे दोन कागद?"

"दोन्ही आहेत. एकही लागला नाही. आज कुरिअर करतो."

दोन दिवसांनी ते आले. दोन कोरे कागद, दोन निळ्या सह्या. उल्काने ते हातात घेतले आणि फाडले. अनीशला तिने नंतर स्वतः फोन केला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. साखरपुडा मोडला नाही, पण लग्नाची तारीखही पुन्हा निघाली नाही.

त्या शनिवारी मी सबनीसांकडे गेले. पुरुषोत्तमराव डाय डिझाइनर होते, म्हणजे पत्रा ज्या साच्यात दाबतात तो साचा काढणारे. अक्षर साच्यासारखंच. त्यांनी फाइल काढून ठेवली होती.

"पाच कागद, वसुधाताई. हा बँकेचा. हा गाडीच्या विम्याचा. हा टॅक्सचा. हा दाताच्या दवाखान्याचा, तिचं राजीनामापत्र. प्रत्येकाची प्रत लावलेली आहे."

"पाचवा?"

"तो प्रिंटरमध्ये अडकला. चुरगळला, फाटला." त्यांनी फाइल बंद केली. "चहा घेणार ना?"

मालिनीवहिनी चहा करत होत्या. मी पाणी घ्यायला आत गेले. फ्रिजवर चुंबकाखाली एक छापील कार्ड होतं, सैनिकांच्या घरच्यांसाठी. चार सूचना. तुकडीचं नाव सांगू नका. ठिकाण सांगू नका. जाण्या-येण्याच्या तारखा सांगू नका. फोनवर किंवा लेखी, कुणालाही नाही. 'कुणालाही'खाली पट्टी धरून लाल पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"हे अजून लावलंय?" मी विचारलं.

"काढू देत नाहीत." वहिनींनी गॅस बारीक केला. "ती परत आली, तरी काढू देत नाहीत. आणि जेवत नाहीत, वसुधाताई. तुम्ही तरी विचारा त्यांना, काय होतंय."

मी विचारलं नाही. त्या क्षणी मला उत्तर नको होतं.

५

प्रयोगशाळेत आम्ही आधी एक प्रश्न विचारतो: हा थर इथे असायची गरज काय होती?

शेलीला उल्काची जागा हवी होती असं धरू. अनीशला उल्का घरी हवी होती, हे तर तो स्वतःच म्हणतो. दोघांनीही काय करायचं होतं? काहीच नाही. चौदा दिवस गप्प बसायचं. नाव आपोआप गेलं असतं, कुणाचं बोट कुठे दिसलं नसतं. उल्काची नोकरी जावी असं ज्याला वाटत होतं, त्याला पत्र लिहायची गरजच नव्हती.

म्हणजे पत्र लिहिलं ते नोकरी वाचावी असं वाटणाऱ्याने. मी झेरॉक्स पुन्हा वाचली. दिलेल्या तारखेला येता येणार नाही. माझी जागा कायम ठेवावी. हा नकार नव्हताच. हा रजेचा अर्ज होता. त्यात 'वैयक्तिक कारण' असं लिहिलं होतं. आपल्याकडच्या ऑफिसांत हे दोन शब्द लिहिले की पुढे कुणी विचारत नाही, सही होते, रजा मिळते. ज्याची हयात त्या शब्दांवर रजा मिळवण्यात गेली, त्याला यापेक्षा निरुपद्रवी कारण सुचणार नाही. इथे कंपनीने ते वाचलं आणि नकाराच्या गठ्ठ्यात टाकलं.

कंपनीच्या बोलावण्याच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती. डार्लीनने मला ती दाखवली होती. लष्करी सेवेत असल्यास तसं कळवून आदेशाची प्रत जोडा, नाव यादीत राहील. एवढं केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पत्र लिहिणाऱ्याला नोकरी वाचवायची होती आणि ती वाचवणारी एकच गोष्ट त्याने लिहिली नाही. का?

कारण ती लिहायची नाही, असं त्याला सांगण्यात आलं होतं. आणि त्याने ते सख्ख्या भावाच्या बाबतीतही पाळलं होतं. चौदा महिने मी दोन गल्ल्यांवर राहत होते आणि उल्का टेक्सासला आहे असं समजत होते.

राहिला पाचवा कागद. पुरुषोत्तमरावांकडे १९८१ सालच्या वॉशिंग मशीनची पावती आहे. मुलगी लढाईवर असताना तिच्या सहीचा कागद फाटला असता तर त्यांनी तो चिकटपट्टीने जोडून फाइलला लावला असता.

सुनावणीला नऊ दिवस होते. उल्काचा रोज फोन येत होता, "मावशी, काही कळलं?" आणि मी रोज सांगत होते, अजून नाही.

६

मी गेले तेव्हा ते तळघरातल्या टेबलाशी होते. संगणक बंद, शेजारी प्रिंटर.

"पुरुषोत्तमराव, प्रिंटरमध्ये काही अडकलं नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसत राहिले.

"मला वाटत होतं तुम्हाला दुसरं कुणीतरी सापडेल," ते म्हणाले. "रोज वाटायचं. त्या मुलीचं नाव निघेल, अनीशचं निघेल. मग लाज वाटायची. आणि परत तेच वाटायचं."

"उल्काला का नाही विचारलंत? तिचा फोन यायचा ना?"

"त्या दिवसांत नाही आला. तळावर काही झालं की सगळ्यांचे फोन बंद करतात, ज्याचं माणूस गेलं त्याच्या घरी आधी कळवायचं असतं म्हणून. एकोणीस दिवस फोन नव्हता, वसुधाताई. पत्राला चौदा होते. मी दहा दिवस थांबलो. ती आहे की नाही हेच मला माहीत नव्हतं. म्हटलं, असेल तर तिची नोकरी राहायला हवी. म्हणून लिहिलं."

"दुसरं पान वाचलं होतंत?"

"वाचलं. आदेशाची प्रत या फाइलमध्येच होती." त्यांनी हात ठेवलेली फाइल माझ्याकडे सरकवली नाही. "पण आम्हाला बोलावून सांगितलं होतं, कुणालाही नाही. तुमच्या एका वाक्याने तुकडीतला कुणी जाऊ शकतो, असं म्हणाले. भावालाही नाही का, असं मी विचारलंही होतं; नाही म्हणाले. आमच्यासारख्या परक्या नावाच्या माणसाने अशा वेळी नियम मोडला, तर काय समजतील? कंपनी म्हणजे 'कुणालाही'मध्ये येते की नाही, हे मी विचारायला हवं होतं. ते सुचलंच नाही. मला वाटलं, वैयक्तिक कारण लिहिलं की झालं. छत्तीस वर्षं तेच लिहीत आलो. कुणी कधी नाही म्हटलं नाही."

"नंतर फोन आला तेव्हा?"

"तेव्हा तिचा आवाज ऐकला. तिथे तिच्या डोक्याला नोकरीची काळजी कशाला, म्हणून बोललो नाही. आणि ती परत आल्यावर सांगणार होतो, रोज उद्यावर टाकलं. ती आधी कचेरीत जाऊन आली."

वरून मालिनीवहिनींनी हाक मारली, जेवायला वाढलंय. दोघेही उठलो नाही.

"तुम्ही सांगणार का तिला?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही."

७

त्यांनी सांगितलं. उल्काने मला दुसऱ्या दिवशी फोन केला आणि नेहमीपेक्षा हळू बोलली.

"मावशी, डार्लीन म्हणते, आता काय करू? सही कुणी खोटी केली म्हणून भांडायचं ठरलं होतं. सही माझी, कागद मी दिलेला, लिहिलं माझ्या बाबांनी. कंपनी म्हणणार, तुमच्या माणसाने नाही म्हटलं."

"कायदा काय म्हणतो?"

"कायदा माझ्या बाजूने आहे. सैन्यात असताना माझी जागा राहायला पाहिजे, असंच म्हणतो. सरकारी खात्याकडे तक्रार करता येते, ती मी केलीय. डार्लीन म्हणते, कायदा बरोबर आहे, फक्त तो चालत येतो, आणि कंपनी पळत दिवाळखोरीकडे चाललीय."

"मग सुनावणीत कुणी लिहिलं ते माहीत नाही, असं सांगायचं?"

"डार्लीनने तसं सुचवलं. म्हणजे, खिडकीकडे बघत सुचवलं. बाबा नको म्हणतात. ते स्वतः येतायत."

दहा मेला ते कोट घालून आले. लांब टेबलाच्या पलीकडे कंपनीचे दोघे आणि युनियनचे दोघे. पुरुषोत्तमराव उभे राहून बोलले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. काय लिहिलं, कधी लिहिलं, काय लिहिलं नाही, सगळं तारखेनिशी सांगितलं. मीही माझ्या भिंगातून दिसलेलं सांगितलं. कुणी त्यावर वाद घातला नाही. सगळं पटलं होतं.

कंपनीच्या बाईने फक्त एक प्रश्न विचारला. ती रागावलेली नव्हती. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारत होती.

"मिस्टर सबनीस, शत्रूला सांगू नका असं त्यांना म्हणायचं होतं. तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?"

"कार्डावर 'कुणालाही' लिहिलं होतं," पुरुषोत्तमराव म्हणाले.

तिने ते लिहून घेतलं.

निर्णय जूनमध्ये आला. जुना क्रमांक परत देता येत नाही, कारण नकार वेळेत आणि कर्मचाऱ्याच्या सहीने आला होता आणि लष्करी सेवेची नोंद कंपनीकडे नव्हती. मात्र परिस्थितीचा विचार करून उल्काला नवी भरती म्हणून घेता येईल. नवी भरती म्हणजे पुन्हा सहा आठवड्यांचं ट्रेनिंग आणि यादीतला शेवटचा क्रमांक. डार्लीन म्हणाली, घे, तक्रार चालू राहील, तोवर निदान आत तरी असशील. उल्काने घेतलं. ट्रेनिंगमध्ये आपत्कालीन दरवाजा उघडायला तिला एकवीस वर्षांच्या मुलीने शिकवलं.

सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तक्रारीचं पुढे काय, असं विचारायला मी त्या खात्याला दोनदा फोन केला. बाई सौजन्याने बोलल्या. फाइल उघडी आहे, एवढंच त्या सांगू शकत होत्या.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात फर्लोची नवी यादी निघाली. खालून तीनशे जणी. शेली त्यात नव्हती. तिच्यानंतर परत बोलावलेल्या जणींमुळे ती आता बरीच वर होती, तिच्यापर्यंत यादी पोचली नव्हती. उल्का पहिल्याच ओळीत होती.

मी गेले तेव्हा पत्र जेवणाच्या टेबलावर उघडं पडलं होतं. मालिनीवहिनी पोळ्या लाटत होत्या. उल्का युनिफॉर्मची बटणं काढून एका डबीत ठेवत होती; ती परत करावी लागतात. पुरुषोत्तमरावांनी पत्राची दोन्ही पानं वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. खिशातून पेन काढलं आणि तिच्यासमोर बसले.

"बेटा, या वेळी काय लिहू? तू सांगशील तेच लिहितो. अक्षरन् अक्षर."

उल्काने त्यांच्या हातातून पत्र घेतलं, उलटून पाहिलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"काही लिहायचं नाहीये, बाबा," ती म्हणाली. "या वेळी त्यांनी काही विचारलेलंच नाही."